जैवइंधनांतील ऊर्जेची तुलना: शालेय प्रयोगशाळेत करावयाचा प्रयोग, पायरीपायरीने

एक ग्रॅम इथेनॉल आणि एक ग्रॅम बायोडिझेल यांपैकी जास्त ऊर्जा कशात असते, याचे उत्तर पुस्तकातला तक्ता उघडला की अर्ध्या मिनिटात मिळते. तेच उत्तर प्रयोगशाळेत स्वतः मोजून काढायला दोन-तीन तासिका लागतात, आणि एवढे करून जो आकडा हाती येतो तो पुस्तकातल्या आकड्याच्या जेमतेम निम्मा असतो. पहिल्यांदा हा प्रयोग करणारे विद्यार्थी इथेच हिरमुसतात. वास्तविक साध्या साधनांनी केलेल्या या प्रयोगात निम्मी उष्णता हवेत जाणारच. ती प्रत्येक इंधनाच्या वेळी साधारण सारख्याच प्रमाणात जावी एवढी व्यवस्था केली की तुलना खरी ठरते. पुढे दिलेली बहुतेक सगळी काळजी चूक नाहीशी करण्यासाठी नाही, ती सर्व इंधनांना सारखी वाटून देण्यासाठी आहे. हे एकदा ध्यानात आले की कोणती पायरी कशासाठी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रयोगामागची कल्पना

इंधन जाळायचे, त्याच्या उष्णतेने ठरावीक वस्तुमानाचे पाणी तापवायचे आणि पाण्याचे तापमान किती वाढले ते पाहायचे. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस आहे, म्हणजे एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला ४.१८ ज्यूल ऊर्जा लागते. पाण्याने घेतलेली ऊर्जा जळालेल्या इंधनाच्या वस्तुमानाने भागली की प्रति ग्रॅम ऊर्जा मिळते.

सूत्र असे:

पाण्याने घेतलेली उष्णता = पाण्याचे वस्तुमान × ४.१८ × तापमानातील वाढ

तुलना करताना पुस्तकातला कोणता आकडा समोर ठेवायचा, हे आधी ठरवलेले बरे, कारण एकाच इंधनासाठी दोन आकडे छापलेले आढळतात. इथेनॉलचा एक मोल पूर्ण जळला की सुमारे १३६७ किलोज्यूल ऊर्जा मिळते. एका मोलचे वस्तुमान ४६ ग्रॅम, म्हणून प्रति ग्रॅम सुमारे २९.७ किलोज्यूल. हा झाला स्थूल उष्मांक. यात ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ पुन्हा द्रवरूप होऊन तिच्यातील अप्रकट उष्माही परत मिळाला, असे धरलेले असते. आपल्या प्रयोगात ती वाफ डब्याच्या कडेने वर निघून जाते. एका मोल इथेनॉलमधून तीन मोल, म्हणजे ५४ ग्रॅम पाणी तयार होते आणि त्याच्या वाफेबरोबर सुमारे १३२ किलोज्यूल ऊर्जा निघून जाते. ती वजा केली की प्रति ग्रॅम २६.८ किलोज्यूल उरतात. याला निव्वळ उष्मांक म्हणतात, आणि उघड्या ज्योतीवरच्या प्रयोगाची तुलना याच्याशीच करणे न्याय्य आहे.

इंधनांची निवड

निदान तीन इंधने घ्यावीत. दोनच घेतली तर निष्कर्ष ‘हे त्यापेक्षा जास्त’ एवढ्यावरच थांबतो. तीन किंवा चार घेतली तर त्यांच्यातील क्रमामागचे कारण शोधता येते. माझी पसंती इथेनॉल, ब्युटेनॉल, बायोडिझेल आणि खाद्यतेल या चारांना आहे. पहिली दोन अल्कोहोले आहेत आणि त्यांच्या रेणूंत फरक केवळ कार्बन साखळीच्या लांबीचा आहे. पुढची दोन तेलापासूनची आहेत आणि त्यांच्यात ऊर्जेचा फरक फारसा नसला तरी जळण्याच्या पद्धतीत मोठा फरक आहे. ब्युटेनॉलचा वास उग्र असतो, म्हणून ते धूर ओढून घेणाऱ्या कपाटात किंवा भरपूर वारा असलेल्या खोलीतच जाळावे.

इथेनॉलच्या बाटलीवरील तीव्रता वाचून नोंदवून ठेवा. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वस्तुमानाने सुमारे ९५.६ टक्क्यांपेक्षा शुद्ध होत नाही. उरलेले पाणी असते आणि ते जळत नाही, उलट त्याची वाफ व्हायला काही उष्णता खर्च होते. प्रयोगशाळेत मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये पिण्यायोग्य राहू नये म्हणून मिथेनॉल किंवा इतर पदार्थ मिसळलेले असतात. ते वापरायला हरकत नाही, मात्र नोंदवहीत नुसते ‘इथेनॉल’ असे लिहू नये.

शुद्ध मिथेनॉल घेऊ नये. ते विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जाते आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. पेट्रोल तर शाळेच्या दिव्यात कधीच भरू नये, मग ते इथेनॉल मिसळलेले असले तरी. बायोडिझेल तेलात मिथेनॉल मिसळून बनवतात; घरगुती पद्धतीने बनवलेल्या बायोडिझेलमध्ये न धुतलेले मिथेनॉल शिल्लक राहते आणि ते सहज पेट घेते. म्हणून या प्रयोगासाठी धुऊन कोरडे केलेले, खात्रीचे बायोडिझेलच आणावे.

खाद्यतेलाबद्दल एक सूचना. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे सांगितले की विद्यार्थी उत्साहाने तेल दिव्यात भरतात, आणि दिवा मिनिटभरात विझतो. तेल घट्ट असते, उंच वातीतून ते वर चढत नाही. ४० अंशांना बायोडिझेलची श्यानता, म्हणजे घट्टपणाचे माप, साधारण ४ ते ५ एकके असेल, तर वनस्पती तेलाची ३० ते ४० असते. म्हणून तेलासाठी उथळ भांडे आणि तेलाच्या पृष्ठभागापासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर येणारी वात हवी. दिव्याचा आकार बदलला म्हणजे तुलनेतली एक अट मोडली, हे मात्र अहवालात स्पष्ट लिहावे.

साहित्य

०.०१ ग्रॅमपर्यंत अचूक डिजिटल वजनकाटा हे या प्रयोगातले सर्वांत महत्त्वाचे साधन आहे; ०.१ ग्रॅमचा काटा असेल तर प्रयोग सुरूच करू नये, कारण जळणारे इंधन एक-सव्वा ग्रॅमच असते. तापमापी ०.१ अंश दाखवणारा असल्यास उत्तम. याशिवाय एकसारखे स्पिरिटचे दिवे (प्रत्येक इंधनाला वेगळा), एकाच गुंडीतून कापलेल्या सुती वाती, मोजपात्र, स्टँड व क्लॅम्प, ढवळणी, घड्याळ, पट्टी आणि ॲल्युमिनिअमची फॉइल लागेल.

कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजण्यासाठी पाणी ठेवायचे भांडे, म्हणून शीतपेयाचा रिकामा ॲल्युमिनिअमचा डबा उत्तम काम करतो. त्याचा पत्रा पातळ असल्यामुळे उष्णता पाण्यात लवकर जाते आणि डबा स्वतः फारच थोडी उष्णता घेतो. डब्याच्या तळाकडचा आणि बाजूंचा रंग पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर पहिल्या फेरीत तोही जळतो. वरचे तोंड तापमापी आणि ढवळणी जाईल इतके उघडे असावे आणि बाकीचे फॉइलच्या झाकणाने झाकावे. पूर्ण बंद डबा मात्र कधीही तापवू नये, आत वाफ कोंडली तर तो फुटू शकतो. काचेचा चंचुपात्र वापरण्याचा मोह टाळावा; जाड काच उष्णता सावकाश सोडते आणि स्वतः बरीच ठेवून घेते.

आग आणि सुरक्षितता

इथेनॉलची वाफ सुमारे १३ ते १७ अंश तापमानालाच ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे साध्या खोलीत ते नेहमीच पेटण्याच्या तयारीत असते. बायोडिझेलसाठी हेच तापमान १०० अंशांच्या वर आहे. यावरून दोन नियम निघतात. पेटलेल्या किंवा नुकत्याच विझवलेल्या दिव्यात इंधन भरायचे नाही. दिवा हाताला थंड लागेपर्यंत थांबायचे. आणि इंधनाची मोठी बाटली प्रयोगाच्या टेबलावर ठेवायची नाही. शिक्षकांनी दिवे आधीच भरून, टोपी लावून द्यावेत.

डोळ्यांवर चष्मा, मोकळे केस मागे बांधलेले, ओढणी किंवा सैल बाह्या आवरलेल्या, टेबलावर ओले फडके आणि हाताशी वाळूची बादली एवढे असल्याशिवाय काडी ओढू नये. सांडलेले इथेनॉल पाण्यात मिसळते, त्यामुळे ते भरपूर पाण्याने विझते. पेटलेल्या तेलावर मात्र पाणी ओतायचे नाही. झाकण किंवा वाळू घालून हवा तोडायची. दिवा फुंकून न विझवता टोपीने विझवावा. फुंकल्याने इंधनाचे थेंब उडतात, आणि वातीतून निघणारी वाफही वाया जाऊन वजनात चूक शिरते.

मांडणी

डबा क्लॅम्पने असा धरा की वातीच्या टोकापासून तळापर्यंतचे अंतर तीन सेंटिमीटरच्या आसपास राहील. ज्योतीचे टोक तळाला नुसते टेकले पाहिजे. डबा फार खाली आला तर ज्योत दबते, हवा कमी पडते आणि तळावर काजळी धरते. फार वर असेल तर तापलेली हवा बाजूने निसटते. हे अंतर पट्टीने मोजून नोंदवा आणि प्रत्येक फेरीत तेच ठेवा. ‘अंदाजे तेवढेच’ या एका वाक्याने बरेच चांगले प्रयोग बिघडलेले आहेत.

ज्योतीभोवती फॉइलचा उभा आडोसा करा. खालून हवा आत यावी यासाठी त्याला टेबलापासून बोटभर उंच ठेवावे किंवा खालच्या कडेला भोके पाडावीत. पंखा बंद ठेवावा. केवळ एवढ्या आडोशाने मिळणारा आकडा कितीतरी सुधारतो. वेळ असेल तर एक फेरी आडोशाशिवाय करून विद्यार्थ्यांना तो फरक पाहू द्यावा.

आता सर्वांत विचार करण्यासारखा प्रश्न: प्रत्येक फेरी कुठे थांबवायची? तीन पर्याय आहेत. सर्व इंधने सारख्याच वेळासाठी जाळावीत, सारख्याच वजनाची जाळावीत, किंवा पाण्याचे तापमान सारखेच वाढेपर्यंत जाळावीत. मी तिसरा पर्याय निवडतो. डब्यातून बाहेर जाणारी उष्णता मुख्यतः पाणी खोलीपेक्षा किती गरम आहे यावर अवलंबून असते; म्हणून प्रत्येक फेरी त्याच तापमानाला सुरू होऊन त्याच तापमानाला संपली तर ही हानीही बरीचशी सारखी राहते. वाढ २० अंशांची ठेवावी. वेळ मात्र तरीही नोंदवायचा, कारण मंद ज्योतीला तीच वाढ गाठायला दुप्पट वेळ लागला तर हानीही तेवढी जास्त होते. वातीची लांबी थोडी कमी-जास्त करून सर्व इंधनांचा वेळ शक्य तितका जवळपास आणावा. वातीशी हे खेळणे कंटाळवाणे आहे, पण प्रयोगाचा अर्धा दर्जा त्यातच आहे.

पाणी सुरुवातीला खोलीपेक्षा दहा अंश थंड घेतले आणि दहा अंश वर गेल्यावर थांबवले तर पूर्वार्धात खोलीतून आलेली उष्णता आणि उत्तरार्धात खोलीत गेलेली उष्णता एकमेकींना बऱ्याच अंशी फेडतात, ही जुनी युक्ती येथे चालते. मात्र गार डब्यावर बाहेरून दव धरते. ते फेरी सुरू करण्याच्या क्षणी कोरड्या फडक्याने पुसून टाकावे.

प्रत्यक्ष कृती

पहिली फेरी हिशेबात धरायची नाही. नवी वात इंधनाने पूर्ण भिजलेली नसते आणि तिचे टोक पहिल्यांदाच करपते. दोन मिनिटे जाळून, विझवून, थंड करून मगच मोजमापाला बसावे.

डबा रिकामा असताना त्याचे वजन करा. त्यात २०० मिलिलीटर पाणी घ्या आणि पुन्हा वजन करून पाण्याचे वस्तुमान थेट ग्रॅममध्ये लिहा. मोजपात्रापेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवणे केव्हाही चांगले. पाणी ढवळून, मिनिटभर थांबून सुरुवातीचे तापमान नोंदवा.

दिव्याचे वजन टोपीसह करा. ‘टोपीसह’ हा शब्द नोंदवहीच्या तक्त्यातच छापून घ्यावा, असे मी अनुभवाने म्हणतो. एका गटाला इथेनॉलसाठी प्रति ग्रॅम ४३ किलोज्यूल मिळाले होते आणि आपला कॅलरीमापी सर्वांत उत्तम असल्याचे त्यांनी जाहीरही करून टाकले. पाण्यात गेलेली ऊर्जा ठीक होती, तापमानही ठीक होते. घोळ दिव्याच्या वजनात होता. पहिले वजन टोपी काढून केलेले आणि दुसरे टोपी लावून. फॉइलची ती टोपी होती अवघी ०.८ ग्रॅमची, पण जळालेले इंधनच १.२ ग्रॅम, त्यामुळे हिशेबात फक्त ०.४ ग्रॅम इंधन जळाल्यासारखे दिसले. आकडा इंधनाच्या खऱ्या निव्वळ उष्मांकाच्या वर गेला की आनंद करण्याआधी वजने तपासावीत, एवढे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळले.

टोपी काढा, दिवा पेटवा, लगेच डब्याखाली सरकवा आणि घड्याळ सुरू करा. पाणी सावकाश, सतत ढवळत राहा. तापलेले पाणी वर येऊन थांबते आणि न ढवळल्यास तापमापी नुसता वरच्या थराचे तापमान सांगतो. वाढ १९ अंशांच्या आसपास पोहोचली की टोपी घालून दिवा विझवा आणि घड्याळ थांबवा. ढवळणे मात्र थांबवू नका. तळाच्या पत्र्यातली आणि काजळीतली उष्णता अजून पाण्यात येत असते. तापमान आणखी अंश-दीड अंश चढते आणि मग स्थिरावते. ते सर्वोच्च तापमान अंतिम वाचन म्हणून घ्यावे.

दिवा खोलीच्या तापमानाला आला की पुन्हा टोपीसह वजन करा. गरम दिव्यामुळे भोवतालची हवा वर चढते आणि काट्यावरचा आकडा हलत राहतो. यानंतर डबा पाण्यासह पुन्हा तोलावा. ही पायरी बहुतेकांच्या कृतीत नसते, पण तिच्याइतकी बोलकी पायरी दुसरी नाही. पाणी एक ग्रॅमने जरी कमी झालेले दिसले तरी त्या एका ग्रॅमच्या वाफेने सुमारे २.४ किलोज्यूल ऊर्जा नेलेली असते, आणि आपण मोजत असलेली एकूण ऊर्जा १७ किलोज्यूलच्या आसपास असते. म्हणजे झाकण नीट न बसल्याने सातवा हिस्सा गायब.

प्रत्येक इंधनाच्या निदान तीन फेऱ्या करा. सर्व इथेनॉलच्या फेऱ्या आधी आणि सर्व बायोडिझेलच्या नंतर, असे न करता त्यांचा क्रम मिसळावा. दुपारपर्यंत खोली तापते आणि हातही सरावतात, या दोन्हींचा फायदा एकाच इंधनाला मिळता कामा नये. प्रत्येक फेरीनंतर डब्याचा तळ पुसून घ्यावा, कारण काळा झालेला तळ ज्योतीचे प्रारण अधिक शोषतो.

हिशेब

एक उदाहरण पाहू. समजा, पाणी २०० ग्रॅम, सुरुवातीचे तापमान २४.० अंश, अंतिम ४४.५ अंश, म्हणजे वाढ २०.५ अंश. दिव्याचे वजन १४२.३७ ग्रॅमवरून १४१.१६ ग्रॅमवर आले, म्हणजे १.२१ ग्रॅम इथेनॉल जळाले.

पाण्याने घेतलेली उष्णता: २०० × ४.१८ × २०.५ = १७,१३८ ज्यूल, म्हणजे १७.१४ किलोज्यूल.

डबा १३ ग्रॅमचा धरला आणि ॲल्युमिनिअमची विशिष्ट उष्माधारकता ०.९० ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश घेतली, तर डब्याने घेतलेली उष्णता १३ × ०.९० × २०.५ = २४० ज्यूल, म्हणजे ०.२४ किलोज्यूल.

एकूण १७.३८ किलोज्यूल भागिले १.२१ ग्रॅम = प्रति ग्रॅम १४.४ किलोज्यूल.

निव्वळ उष्मांक २६.८ असल्याने कॅलरीमापीची कार्यक्षमता १४.४ ÷ २६.८, म्हणजे सुमारे ५४ टक्के आली. शाळेतल्या मांडणीसाठी हा आकडा चांगला म्हणावा असा आहे.

याच कार्यक्षमतेचा उपयोग करून इतर इंधनांचे खरे मूल्य अंदाजता येते. बायोडिझेलची सरासरी समजा १९.६ आली, तर १९.६ ÷ ०.५४ = ३६.३ किलोज्यूल प्रति ग्रॅम. बायोडिझेलचा निव्वळ उष्मांक ३७ ते ३८ च्या दरम्यान असतो, त्यामुळे हा अंदाज थोडा खाली राहिला. त्याचे कारणही डब्याच्या तळावर लिहिलेले असते: इथेनॉल निळसर, स्वच्छ ज्योतीने जळते, तर बायोडिझेलची ज्योत पिवळी असते आणि काजळी सोडते. काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे ३२.८ किलोज्यूल ऊर्जा तशीच शिल्लक असते. तळावर आणि हवेत मिळून ०.०२ ग्रॅम काजळी गेली तरी ०.६६ किलोज्यूल गेले, म्हणजे पाण्यात पोहोचलेल्या ऊर्जेच्या जवळजवळ ४ टक्के. मात्र एक पथ्य पाळावे: ज्या इथेनॉलवरून कार्यक्षमता काढली त्याच इथेनॉलचा दुरुस्त केलेला आकडा ‘प्रयोगातून मिळालेला’ म्हणून लिहू नये, कारण तो पुस्तकातूनच आलेला आहे.

फरक खरा की भासमान?

समजा, इथेनॉलच्या तीन फेऱ्यांत १४.४, १३.८ आणि १४.९ मिळाले, ब्युटेनॉलच्या १७.५, १८.९ आणि १८.१, आणि बायोडिझेलच्या १९.८, १८.६ आणि २०.४. इथेनॉलचे सर्वांत मोठे वाचनही बाकी दोघांच्या सर्वांत लहान वाचनाच्या बरेच खाली आहे, तेव्हा इथेनॉलमध्ये प्रति ग्रॅम ऊर्जा कमी असल्याचे विधान ठामपणे करता येते. ब्युटेनॉलचे १८.९ हे बायोडिझेलच्या १८.६ च्या वर चढलेले आहे. सरासऱ्या वेगळ्या असल्या तरी पल्ले एकमेकांत शिरले आहेत. इथे ‘बायोडिझेल बहुधा सरस, पण आणखी फेऱ्या हव्यात’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. असे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी पुस्तकी आकडा तंतोतंत आणणाऱ्यापेक्षा जास्त गुण देतो.

मोजमापातली अनिश्चितता कुठून येते तेही पाहावे. वजनाची दोन वाचने, प्रत्येकात ०.०१ ग्रॅमचा फरक धरला तर १.२१ ग्रॅममध्ये फार तर ०.०२, म्हणजे सुमारे १.७ टक्के. तापमापी अर्ध्या अंशापर्यंतच वाचता येत असेल तर दोन वाचनांत मिळून एक अंश, म्हणजे २०.५ मध्ये जवळजवळ ५ टक्के. खर्च करायचा असेल तर तो तापमापीवर करावा, हे या एका हिशेबाने कळते. आणि या दोन्हींपेक्षा कितीतरी मोठी असलेली ४६ टक्क्यांची हानी अनिश्चितता नाही; ती दर वेळी एकाच दिशेला ओढणारी चूक आहे. फेऱ्या वाढवल्याने पहिल्या प्रकारची चूक कमी होते, दुसरीवर तिचा काही परिणाम होत नाही.

असा क्रम का लागतो?

याचे उत्तर रेणूतल्या ऑक्सिजनमध्ये आहे. इंधन जळते म्हणजे त्यातले कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडले जातात. ज्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे तो जणू थोडासा जळून झालेलाच आहे, आणि त्याचे वजन मात्र ग्रॅममध्ये मोजले जाते. डिझेलसारख्या हायड्रोकार्बनमध्ये ऑक्सिजन नसतो आणि निव्वळ उष्मांक ४३ च्या आसपास असतो. बायोडिझेलमध्ये वस्तुमानाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, ब्युटेनॉलमध्ये २१.६, इथेनॉलमध्ये ३४.८ आणि मिथेनॉलमध्ये बरोबर ५० टक्के. त्यांचे निव्वळ उष्मांक अनुक्रमे ३७.५, ३३.१, २६.८ आणि १९.९ आहेत. आडव्या अक्षावर ऑक्सिजनचे टक्के आणि उभ्या अक्षावर उष्मांक घेऊन हे पाच बिंदू मांडा. ते जवळजवळ एका सरळ रेषेत येतात, आणि दर एक टक्का ऑक्सिजनमागे साधारण ०.४६ किलोज्यूल कमी होतात. विद्यार्थ्यांनी आपले दुरुस्त केलेले आकडे याच आलेखावर वेगळ्या रंगाने टिपावेत. रेषेपासून दूर पडलेला बिंदू कोणत्या फेरीतला, हे शोधत गेले की बहुतेक वेळा सैल झाकण किंवा आखूड वात सापडते.

खाद्यतेल आणि बायोडिझेल यांच्यातला ऑक्सिजनचा वाटा जवळपास सारखाच असतो, म्हणून त्यांच्या ऊर्जेतही फारसा फरक नसतो. तेलाचे बायोडिझेल करण्याचा खटाटोप ऊर्जा वाढवण्यासाठी केलेला नसून ते इंजिनात नीट फवारले जावे यासाठी केलेला असतो, हे दिव्यातली विझणारी वात पाहिलेल्याला लगेच पटते.

ग्रॅम की लीटर?

इंधन टाकीत भरले जाते ते लीटरने. म्हणून प्रति ग्रॅम मिळालेला आकडा घनतेने गुणून प्रति लीटर ऊर्जाही काढावी. इथेनॉलची घनता ०.७८९, म्हणून २६.८ × ०.७८९ = लीटरमागे सुमारे २१.१ मेगाज्यूल. ब्युटेनॉलची ०.८१, म्हणून २६.८, बायोडिझेलची ०.८८, म्हणून ३३. डिझेलचे साधारण ३६ येतात. ग्रॅममध्ये पाहिले तर बायोडिझेल डिझेलच्या सुमारे १३ टक्के मागे असते. लीटरमध्ये पाहिले तर ते अंतर ८ टक्क्यांवर येते, कारण बायोडिझेल अधिक दाट आहे.

कार्बन डायऑक्साइडचाही असाच हिशेब मांडता येतो. एक ग्रॅम इथेनॉल पूर्ण जळल्यावर १.९१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बायोडिझेलपासून सुमारे २.८२ ग्रॅम, हे आकडे पाहून इथेनॉल स्वच्छ वाटते. तेच ऊर्जेने भागले तर मेगाज्यूलमागे ७१ आणि ७५ ग्रॅम येतात, आणि डिझेलचे ७४ च्या आसपास. दिव्याच्या ज्योतीपाशी तिघांत फारसे अंतर उरत नाही. जैवइंधनाचा दावा उभा असतो तो या कार्बनचा मूळ स्रोत वनस्पतीने अलीकडेच हवेतून घेतलेला वायू आहे यावर, आणि पीक वाढवायला व इंधन गाळायला किती ऊर्जा लागली यावर. ती बाजू डब्यातल्या पाण्याने मोजता येत नाही.

पुढे काय करता येईल

एकाच इथेनॉलमध्ये पाणी मिसळून वस्तुमानाने ९५, ८५ आणि ७५ टक्क्यांचे नमुने करावेत आणि वरचीच कृती पुन्हा करावी. उष्मांक नुसता इथेनॉलच्या प्रमाणात घटतो की त्याहून अधिक, हे पाहण्यासारखे असते. पाण्याची वाफ करायला लागणारी ऊर्जा हिशेबात धरली की अपेक्षित आकडा आधीच काढता येतो आणि मग प्रयोगाशी ताडून पाहता येतो.

ज्यांना हानीच नको असेल त्यांच्यासाठी बाँब कॅलरीमापी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित केलेल्या या उपकरणात इंधन जाड पोलादी भांड्यात, सुमारे ३० वातावरण दाबाच्या ऑक्सिजनमध्ये विजेच्या ठिणगीने पेटवतात आणि ते भांडे संपूर्ण पाण्यात बुडवलेले असते. उष्णतेला पाण्याखेरीज वाट नसते, काजळी उरत नाही आणि वाफही आतच द्रवरूप होते, म्हणून तिथे मिळणारा आकडा स्थूल उष्मांकाचा असतो. एखाद्या महाविद्यालयात असे उपकरण पाहायला मिळाले, तर आपल्याच दिव्यातल्या बायोडिझेलचा नमुना सोबत न्यावा. त्याचे उत्तर साधारण ४० च्या आसपास येईल, आणि आपल्या ३६.३ शी त्याची तुलना करण्यापूर्वी त्यातून वाफेचा वाटा वजा करायचा आहे, हे विसरू नये.